साध्या मजकुरातले पीजीएम चित्र पायथनमध्ये वाचायचे, पायरी पायरीने

इमेज प्रोसेसिंग शिकायला सुरुवात करणाऱ्याने पहिली फाइल उघडावी ती साध्या मजकुरातली पीजीएम, म्हणजे करड्या चित्रांचा एक साधा फाइल-प्रकार. नोटपॅडमध्ये उघडली की चित्रातला प्रत्येक ठिपका आकडा होऊन समोर उभा राहतो. शून्य म्हणजे काळा, सर्वांत मोठा आकडा म्हणजे पांढरा, मधले सगळे करडे. जेपेग किंवा पीएनजी उघडून असे काही दिसत नाही.

तरीही याच फाइलपाशी नवशिक्यांचा अर्धा दिवस जातो. मजकूर दिसला की आपला हात आपोआप ओळीओळीने वाचण्याकडे वळतो, आणि बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो. ही फाइल म्हणजे आकड्यांची एक लांब माळ आहे. ती कुठे तोडून खालच्या ओळीवर घेतली, याला फारसा अर्थ नाही. एवढे मनात पक्के बसले तर खालच्या पायऱ्या सोप्या जातील.

फंक्शनांची आणि पॅकेजांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना नेहमीचे रोमन स्पेलिंग वापरा. फाइलमधला मजकूरही रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच (0, 1, 2 असे) लागतो. असे का, ते पुढे येईलच.

काय काय लागेल

- पायथन ३
- आकड्यांचे तक्ते (ॲरे) हाताळायला नमपाय
- चित्रे वाचायला-लिहायला पिलो, आवृत्ती ९.२.० किंवा त्यानंतरची
- त्याच कामाची दुसरी लायब्ररी, ओपनसीव्ही
- चित्र दाखवायला मॅटप्लॉटलिब
- एन्कोडिंग दाखवणारा साधा मजकूर संपादक, उदा. नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड

पिलोची आवृत्ती मुद्दाम लिहिली आहे. मजकुरातली पीजीएम वाचण्याची सोय पिलोमध्ये ९.२.० पासून आली. कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल तर फाइल बिनचूक असूनही ‘चित्र ओळखता येत नाही’ अशी एरर येते, आणि आपण फाइलमध्ये नसलेली चूक शोधत बसतो.

इन्स्टॉल करायचे नाव आणि इम्पोर्ट करायचे नाव वेगळे आहे, हेही आत्ताच लक्षात ठेवा. ओपनसीव्ही पिपने घेताना नाव ‘ओपनसीव्ही-पायथन’, पण प्रोग्राममध्ये इम्पोर्ट ‘सीव्ही२’. पिलो घेताना ‘पिलो’, इम्पोर्ट मात्र ‘पीआयएल’.

१. आधी फाइलची जात ओळखा

फाइलच्या नावाशेवटी पीजीएम असले म्हणजे आत मजकूर असेलच असे नाही. या घराण्याच्या फाइलमध्ये पहिली दोन अक्षरे खरी ओळख सांगतात. कॅपिटल ‘पी’ आणि त्याला चिकटून एक आकडा:

- पी१: काळे-पांढरे चित्र, मजकुरात
- पी२: करडे चित्र, मजकुरात
- पी३: रंगीत चित्र, मजकुरात
- पी४, पी५, पी६: अनुक्रमे हेच तीन प्रकार, पण ठिपके कच्च्या बाइटमध्ये

आपल्याला हवी ती पी२. पी५ ही तिची सख्खी बहीण. दोघींचे एक्स्टेन्शन एकच आणि हेडरही (म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती) सारखेच, पण पी५ मध्ये हेडर संपले की आकडे अक्षरांत लिहिलेले नसतात. चेहरे ओळखण्याच्या प्रोजेक्टसाठी एटी अँड टीचा ४०० चेहऱ्यांचा जुना संच बरेच विद्यार्थी वापरतात. त्यातली ९२ × ११२ ची चित्रे पीजीएमच आहेत, पण पी५. ती मजकूर म्हणून उघडली की युनिकोड डीकोडची एरर येते किंवा विचित्र चिन्हांचा सडा पडतो. फाइल बिघडलेली नसते. ती वेगळ्या जातीची असते, एवढेच.

ओळखण्याची खात्रीची रीत: पायथनमध्ये फाइल ‘आरबी’ मोडमध्ये, म्हणजे बाइट वाचण्यासाठी उघडा आणि पहिले वीस बाइट छापा. पहिलीच दोन अक्षरे पी२ दिसली तर पुढे चला. त्याआधी काहीही दिसले, मग तो एक बाइट का असेना, तर आठव्या पायरीकडे जा.

मजकुराचा हा प्रकार आला कुठून, तेही सांगण्यासारखे आहे. १९८० च्या दशकात ईमेलमधून फक्त साधा मजकूर भरवशाने जायचा. चित्रे त्यातूनच पाठवता यावीत म्हणून जेफ पॉस्कॅन्झर यांनी आधी काळ्या-पांढऱ्या चित्रांचा प्रकार काढला. १९८८ मध्ये त्यांचा पीबीएमप्लस हा चित्रांवर काम करणाऱ्या साधनांचा संच आला, आणि आजचा नेटपीबीएम त्याच्याच वंशातला. पुढे येणारी ७० अक्षरांची अटही अशाच काळाची आठवण आहे.

२. हेडरचे चार शब्द

पी२ फाइलच्या सुरुवातीला चार गोष्टी, याच क्रमाने:

१) पी२
२) रुंदी, म्हणजे एका आडव्या रांगेतले ठिपके
३) उंची, म्हणजे रांगा किती
४) कमाल मूल्य, म्हणजे पांढऱ्यासाठीचा आकडा

यानंतर रुंदी गुणिले उंची इतके आकडे. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, डावीकडून उजवीकडे, मग खालची रांग.

दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा हवी. ती स्पेस असो, टॅब असो की नवी ओळ, एक असो की दहा, सगळे सारखेच. रुंदी आणि उंची एका ओळीवर असतील किंवा दोन ओळींवर. चारही शब्द एकाच ओळीवर असले तरी फाइल बरोबरच.

कमाल मूल्य १ ते ६५५३५ पर्यंत काहीही चालते. २५५ नेहमीचे, पण तेच असते असे धरून चालू नका. नेटपीबीएमच्या दस्तऐवजातल्या प्रसिद्ध नमुन्यात रुंदी २४, उंची ७ आणि कमाल मूल्य फक्त १५ आहे. त्यातली चार अक्षरे ३, ७, ११ आणि १५ या आकड्यांनी काढली आहेत. कमाल मूल्याकडे न बघता हे आकडे थेट ० ते २५५ च्या पट्टीवर दाखवले तर सगळे चित्र जवळजवळ काळे दिसते, आणि लोक म्हणतात ‘चित्र वाचलेच गेले नाही’.

हेडरमध्ये शेरेही असू शकतात. हॅश चिन्ह आले की तिथपासून ओळ संपेपर्यंतचा मजकूर शेरा. गिम्प या चित्र-संपादकातून पीजीएम काढली की दुसऱ्याच ओळीवर गिम्पच्या नावाचा शेरा येतो. इंटरनेटवरून उचललेले कितीतरी छोटे प्रोग्राम ‘दुसरी ओळ म्हणजे रुंदी-उंची’ असे धरून चालतात आणि गिम्पच्या फाइलवर पहिल्याच फटक्यात कोलमडतात.

आणि ७० अक्षरांची अट. नियमाप्रमाणे मजकुरातल्या पीजीएमची कुठलीही ओळ ७० अक्षरांपेक्षा लांब नसावी. याचा परिणाम हिशेब करून पाहा. तीन आकडी संख्या आणि एक स्पेस मिळून चार अक्षरे, तेव्हा एका ओळीवर १७ संख्या बसतात. अठरावी घेतली की ७१ अक्षरे होतात. ६४० ठिपके रुंद चित्राची सगळी मूल्ये तीन आकडी असतील तर त्याची एक रांग ३८ ओळींवर पसरते: ३७ ओळी भरलेल्या आणि शेवटची ११ संख्यांची. मूल्ये एक-दोन आकडी असली की एका ओळीवर जास्त बसतात, म्हणजे प्रत्येक ओळीवरची संख्या वेगळी. काही प्रोग्राम तर प्रत्येक आकडा स्वतंत्र ओळीवर लिहितात. तेव्हा फाइलमधली ओळ आणि चित्रातली रांग यांचा संबंध जोडूच नका.

नमपायचे लोडटेक्स्ट फंक्शन म्हणूनच इथे टाळावे. ‘पहिल्या तीन ओळी सोड, बाकीचे वाच’ हा तोडगा सुचतो खरा, आणि हाताने लिहिलेल्या छोट्या फाइलवर चालतोही. खऱ्या फाइलवर मात्र लोडटेक्स्ट प्रत्येक ओळीत सारखेच स्तंभ मागते आणि अडते. शिवाय सोडायच्या ओळींच्या गणतीत ते शेऱ्याची ओळही धरते. त्यामुळे शेरा असलेल्या फाइलमध्ये तीन ओळी सोडूनही कमाल मूल्य मागे उरते.

३. चाचणीची फाइल हाताने लिहा

मोठ्या चित्रावर चूक दिसत नाही. बारा ठिपक्यांच्या चित्रावर लगेच दिसते. संपादकात हे लिहा:

पी२
# नमुना
४ ३
१५
० ५ १० १५
५ १० १५ १०
१० १५ १० ५

रुंदी ४, उंची ३. दोन्ही मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण चौरस चित्रात रुंदी-उंचीची अदलाबदल लपून राहते. शेराही मुद्दाम घातला आहे.

फाइल जतन करताना दोन गोष्टी बघा. एन्कोडिंग बीओएम (फाइलच्या सुरुवातीचे न दिसणारे तीन बाइट) नसलेले यूटीएफ-८ ठेवा. आणि नाव ‘नमुना.पीजीएम.टीएक्सटी’ तर झाले नाही ना, ते तपासा. विंडोज एक्स्टेन्शन लपवते, त्यामुळे फोल्डरमध्ये नाव बरोबर दिसते आणि प्रोग्रामला फाइल सापडत नाही.

चित्रावरून मजकुरातली पीजीएम हवी असेल तर तीन वाटा आहेत. गिम्पमध्ये एक्स्पोर्ट करताना ‘रॉ’ की ‘आस्की’ असे विचारतात, तिथे आस्की निवडा. इमेजमॅजिकला ‘कॉम्प्रेस नन’ हा पर्याय दिला की ते पी५ ऐवजी पी२ लिहिते. नेटपीबीएमच्या साधनांना ‘प्लेन’ हा पर्याय आहे.

४. वाचक स्वतः लिहा, एकदा तरी

लायब्ररी आहे तर हे कशाला, असे वाटेल. दोन कारणे आहेत. एक, तुलनेला पक्का आधार मिळतो. दुसरे, फाइलमधले मूळ आकडे जसेच्या तसे हवे असतील तर बऱ्याचदा हीच वाट सरळ पडते. पंधरा ओळींचे काम आहे.

क) फाइल ‘आरबी’ मोडमध्ये उघडून सगळे बाइट एकदम वाचा.

ख) स्प्लिटलाइन्सने ओळी करा, प्रत्येक ओळीतला हॅशच्या आधीचा भागच ठेवा आणि ते भाग मध्ये एक स्पेस घालून पुन्हा जोडा. स्पेस विसरलात तर एका ओळीतला शेवटचा १५ आणि पुढच्या ओळीतला पहिला ५ मिळून १५५ होतो. प्रोग्राम चालतो, चित्र मात्र चुकते.

ग) आता स्प्लिट, कंसात काहीही न देता. तसे केले की स्पेस, टॅब, नवी ओळ, विंडोजच्या ओळीशेवटचा जादा बाइट, सगळे एकसारखे मोकळी जागा समजले जाते. कंसात स्पेस दिली तर फक्त स्पेसवर तुकडे पडतात आणि लागोपाठ दोन स्पेस आल्या की मध्ये रिकामा तुकडा येतो.

घ) पहिला तुकडा पी२ आहे का ते तपासा. नसेल तर स्पष्ट संदेश देऊन थांबा.

च) पुढचे तीन तुकडे इंटमध्ये बदला: रुंदी, उंची, कमाल मूल्य.

छ) उरलेले सगळे तुकडे इंटमध्ये बदला आणि मोजा. आपल्या नमुन्यात ४ × ३ = १२ यायला हवेत. कमी आले तर फाइल अर्धवट आहे. जास्त आले तर शेवटी काहीतरी जादा चिकटले आहे, कारण मजकुराच्या प्रकारात एका फाइलमध्ये एकच चित्र असते. एकही मूल्य कमाल मूल्याहून मोठे नाही ना, तेही इथेच बघा.

ज) नमपायचा ॲरे करा. कमाल मूल्य २५५ पर्यंत असेल तर यूइंट८ (आठ बिटचे पूर्णांक), नाहीतर यूइंट१६.

झ) शेवटी रीशेप, आणि इथे थांबून विचार करा. फाइल आधी रुंदी सांगते, मग उंची. नमपायला आधी रांगा हव्यात, मग स्तंभ. म्हणजे रीशेपला द्यायचे उंची, रुंदी. आपल्या नमुन्याचा आकार ३, ४ असा छापला गेला पाहिजे. उलटे दिले तरी एरर येत नाही, कारण बारा ठिपके चार रांगांतही बसतात. चित्र मात्र तिरके फाटल्यासारखे दिसते. तिरक्या पट्ट्या दिसल्या की सर्वांत आधी हाच क्रम तपासा.

बाइट मोडचा आग्रह का, तर आपल्याकडे हमखास होऊ शकणारी एक गोष्ट. मराठी कीबोर्ड चालू असताना कोणी फाइलमध्ये देवनागरी ‘२५५’ टाइप केले, तर पायथनचे इंट फंक्शन मजकूर मोडमध्ये ते निमूटपणे स्वीकारते आणि बरोबर दोनशे पंचावन्न देते. तुमचा वाचक चालतो. तीच फाइल ओपनसीव्ही किंवा पिलोला दिली की नाकारली जाते, कारण पीजीएमच्या नियमात फक्त आस्की आकडे (0 ते 9) बसतात आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी आकडा तीन बाइटचा असतो. बाइट मोडमध्ये वाचलेत तर इंटही तिथेच एरर देते आणि चूक पहिल्या मिनिटाला सापडते.

हा वाचक पी१ साठी वापरू नका. त्यात शून्य आणि एक मोकळ्या जागेशिवाय सलग चिकटवून लिहिलेले चालतात, आणि तिथे १ म्हणजे काळा, पीजीएमच्या नेमके उलटे.

५. पिलोने वाचा

इमेज.ओपनला फाइलचे नाव द्या, मोड आणि साइज छापा, मग नमपायच्या ॲसॲरेने आकडे काढा.

नमुन्यावर मोड ‘एल’ येईल, म्हणजे आठ बिटचा करडा. साइज येईल ४, ३. पिलो आधी रुंदी सांगते आणि नमपाय आधी उंची, तेव्हा दोन्ही छापलेत तर उलटसुलट दिसेल. दोन्ही बरोबर आहेत.

आता आकडे पाहा. पहिल्या रांगेत ० ५ १० १५ असायला हवे होते, पण दिसेल ० ८५ १७० २५५. पिलोने कमाल मूल्य वाचले आणि १५ ची पट्टी ताणून २५५ ची केली. पाच भागिले पंधरा गुणिले दोनशे पंचावन्न म्हणजे ८५. चित्र दाखवायचे असेल तर हेच हवे. पण आकडे म्हणजे प्रकार असतील, जसे ० म्हणजे पाणी, ५ म्हणजे शेत, १० म्हणजे रस्ता, तर असे ताणलेले आकडे घेऊन पुढे जाणे धोक्याचे. तिथे चौथ्या पायरीतला वाचक वापरा.

कमाल मूल्य २५५ हून मोठे असेल तर पिलो मोड ‘आय’ देते आणि पट्टी ६५५३५ पर्यंत ताणते. १२ बिटच्या चित्रात कमाल मूल्य ४०९५ असते. अशा चित्रातला सर्वांत उजळ ठिपका नमपायमध्ये ६५५३५ दिसला तर घाबरू नका, पण ४०९५ समजून पुढचे गणितही करू नका.

एखादे मूल्य कमाल मूल्याहून मोठे असले तर पिलो एरर देऊन थांबते. हा तिचा गुणच म्हणायचा.

६. ओपनसीव्हीने वाचा

फंक्शन इमरीड. नवशिक्या ज्या तीन जागी अडतो, त्या तिन्ही इथेच आहेत.

पहिली: काही सांगितले नाही तर इमरीड प्रत्येक चित्र रंगीत समजून वाचते. करड्या पीजीएमचा आकार मग ३, ४, ३ असा येतो, एकाच आकड्याच्या तीन प्रती. इमरीड-ग्रेस्केल हा झेंडा (फ्लॅग, म्हणजे फंक्शनला द्यायचा पर्याय) दिला की आकार ३, ४ येतो.

दुसरी: १६ बिटचे चित्र. ग्रेस्केल झेंड्याने ते आठ बिटवर उतरवले जाते आणि बारीक फरक कायमचे जातात. कमाल मूल्य २५५ हून मोठे असेल तर इमरीड-अनचेंज्ड वापरा. मग ॲरेचा डीटाइप (आकड्यांचा प्रकार) आणि सर्वांत मोठा आकडा छापून बघा, आणि तो आकडा हेडरमधल्या कमाल मूल्याशी ताडून घ्या. आठ बिटच्या फाइलमध्ये ओपनसीव्हीसुद्धा पिलोसारखीच पट्टी २५५ पर्यंत ताणते, म्हणून नमुन्यावर इथेही ० ८५ १७० २५५ च दिसते.

तिसरी, आणि सर्वांत जास्त वेळ खाणारी: फाइल सापडली नाही किंवा वाचता आली नाही तर पायथनमध्ये इमरीड एरर देत नाही, ‘नन’ परत देते. नव्या आवृत्त्या पडद्यावर एक इशारा छापतात, पण प्रोग्राम पुढे जातो आणि दहा ओळींनंतर ‘ननला शेप नाही’ असे म्हणून पडतो. इमरीडच्या लगेच खालच्या ओळीवर नन आहे का ते तपासायची सवय आत्ताच लावा.

नन येण्याचे एक कारण मराठी माणसाला विशेष छळते. विंडोजवर फोल्डरच्या किंवा फाइलच्या नावात देवनागरी अक्षरे असली, समजा ‘प्रकल्प’ किंवा ‘चित्रे’, की इमरीडला ती फाइल बहुधा उघडता येत नाही. फाइल समोर दिसते, मार्ग बरोबर असतो, तरी नन. नाव रोमनमध्ये बदलणे हा झटपट उपाय. नाव बदलायचे नसेल तर नमपायच्या फ्रॉमफाइलने यूइंट८ म्हणून सगळे बाइट वाचा आणि ते सीव्ही२ च्या इमडीकोडला द्या, झेंडे तेच. नमपायला देवनागरी नावाची अडचण येत नाही.

७. पडद्यावर दाखवा

मॅटप्लॉटलिबच्या इमशोला करडा ॲरे नुसता दिला तर चित्र जांभळे-हिरवे-पिवळे दिसते. तो त्याचा ठरलेला रंगसंच आहे. सीमॅप म्हणून ‘ग्रे’ द्या.

एवढ्याने भागत नाही. इमशो ॲरेमधला सर्वांत लहान आकडा काळा आणि सर्वांत मोठा पांढरा धरते. म्हणजे १०० ते १२० मधलेच आकडे असलेले मळकट चित्रही झकास उठावदार दिसते आणि तुमची फसगत होते. व्हीमिन शून्य आणि व्हीमॅक्स कमाल मूल्याइतका द्या. स्वतःच्या वाचकाने वाचलेल्या नमुन्यासाठी १५, पिलो किंवा ओपनसीव्हीने वाचलेल्यासाठी २५५.

चित्र उजळ करायला आकड्यांत बेरीज करणार असाल तर यूइंट८ मध्ये २०० अधिक १०० म्हणजे ४४ होतात. ३०० तिथे मावत नाहीत, २५६ वजा होऊन उरलेले मिळतात, आणि उजळ भागात काळे डाग पडतात. आधी इंट१६ मध्ये बदला, किंवा सीव्ही२ चे ॲड वापरा, ते २५५ वर थांबते.

८. अडले तर

*पहिल्या वीस बाइटमध्ये पी२ च्या आधी तीन अनोळखी बाइट.* हा बीओएम. काही संपादक यूटीएफ-८ जतन करताना तो सुरुवातीला घालतात. माणसाला दिसत नाही, लायब्ररीला मात्र पहिले अक्षर ‘पी’ मिळत नाही. बीओएमशिवाय पुन्हा जतन करा.

*प्रत्येक अक्षरानंतर एक शून्य बाइट.* फाइल यूटीएफ-१६ झाली आहे. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह वापरून एखाद्या साधनाचे उत्तर फाइलमध्ये वळवले की असेच होते. तीच आज्ञा जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा, किंवा साधनालाच फाइलचे नाव देता येते का ते बघा.

*पिलो म्हणते चित्र ओळखता येत नाही.* आधी आवृत्ती, मग पहिले वीस बाइट.

*आकडे मोजले तर कमी भरतात.* डाउनलोड अर्धवट राहिले, किंवा रुंदी-उंची हाताने लिहिताना चुकली. आलेल्या आकड्यांना रुंदीने भागून बघा. भाग बरोबर जात असेल तर उंची चुकली असण्याची शक्यता जास्त.

*चित्र बरोबर, पण सगळे फार गडद.* कमाल मूल्याकडे दुर्लक्ष झाले.

*फाइल फारच मोठी.* मजकुराची किंमत आहे ती. ६४० × ४८० चे चित्र पी५ मध्ये ३,०७,२०० बाइट आणि वर हेडरचे पंधराएक. पी२ मध्ये प्रत्येक ठिपक्याला दोन ते चार बाइट, म्हणजे १२,२८,८०० पर्यंत. शिकायला आणि तपासायला पी२, शेकडो चित्रांवर काम करायला पी५.

९. परत पी२ लिहायची असेल तर

पिलो मजकुरातली पीजीएम वाचते, पण लिहिते ती पी५. पिलोतून जतन केलेली फाइल नोटपॅडमध्ये वाचता येत नाही, ती यामुळे.

ओपनसीव्हीच्या इमराइटला तिसरा घटक म्हणून इमराइट-पीएक्सएम-बायनरी आणि ० अशी जोडी द्या, की ती पी२ लिहिते. काही न दिल्यास १ धरले जाते, म्हणजे पी५.

नमपायच्या सेव्हटेक्स्टनेही जमते, पण त्याच्या तीन सवयी मोडाव्या लागतात. आकडे ते लांबलचक दशांशात लिहिते, म्हणून एफएमटीला पूर्णांकाचा साचा, म्हणजे टक्के चिन्ह आणि डी, द्या. हेडरच्या प्रत्येक ओळीआधी ते हॅश घालते, म्हणजे तुमचा पी२ शेरा होऊन बसतो. त्यासाठी कॉमेंट्सला रिकामी स्ट्रिंग द्या. आणि चित्राची अख्खी रांग ते एकाच ओळीवर लिहिते, त्यामुळे रुंद चित्रात ७० अक्षरांची मर्यादा ओलांडली जाते. पिलो आणि ओपनसीव्ही त्याकडे लक्ष देत नाहीत. फाइल दुसऱ्या कुणाच्या काटेकोर प्रोग्रामला द्यायची असेल तर सेव्हटेक्स्ट सोडा, ॲरे सपाट करा, सतरा-सतरा आकड्यांच्या ओळी पाडा आणि हेडरखाली लिहा. कमाल मूल्य ९९९ पर्यंत असेल तोवर सतरा बसतात. पाच आकडी मूल्यांसाठी अकरा घ्या.

लिहून झाले की तीच फाइल चौथ्या पायरीतल्या वाचकाने परत वाचा आणि नमपायच्या ॲरे-इक्वलने मूळ ॲरेशी ताडून बघा. ट्रू आले की फाइल पाठवायला हरकत नाही.